समुद्रफुलाचं पथ्य

२४ नोव्हेंबर

निवृत्त झाल्यावर घरात आजारी जनावर घ्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. आज आमच्या पोरानं, महेशकुमारनं, आणलं. प्लास्टिकच्या पिशवीत, पाण्यासकट. त्याला इंग्रजीत अ‍ॅनिमोन म्हणतात, मराठीत समुद्रफूल. आपल्या आईला, म्हणजे ईरम्माला, त्यानं नुसतं 'फूल' सांगितलं, त्यामुळे ते देवघरावरून निर्धास्त पुढे गेलं. मला त्यानं खरं सांगितलं. ते फूल नाही. त्याला तोंड आहे.

महेशकुमारचा माशांच्या टाक्या बसवण्याचा धंदा आहे. कॉम्प्युटरची नोकरी सोडून पोरगा लोकांच्या दिवाणखान्यात पाणी भरत फिरतो, यावर मी पूर्वी बोललेलो आहे, पुन्हा बोलत नाही. माडीवर त्याच्या खोलीत खाऱ्या पाण्याची एक टाकी आहे. ती त्यानं लग्नात बायकोला दिली. लोक सोनं देतात. त्या टाकीतलं हे फूल आजारी पडलं आहे आणि बाकीच्यांना लागण होऊ नये म्हणून ते वेगळं ठेवायचं आहे. खालच्या बाहेरच्या खोलीत माझं औषधांचं कपाट, सिरिंजा उकळायचा जुना स्टोव्ह वगैरे सामान आहे. तिथे त्याची छोटी टाकी मांडली.

महेशकुमार स्वतः उद्या हैदराबादला चालला. एका हॉटेलात मोठी टाकी बसवायची आहे, महिनाभर तरी मोडेल. मला म्हणाला, "अप्पा, तुमी सारी जिंदगी जनावरांच्या दवाखान्यात घातलाव. तुमच्याबिगर कोन बघनार?" मी कंपाउंडर होतो, डॉक्टर नव्हतो, हे त्याला माहीत आहे. तरी बरं वाटलं.

माडीवर जाता जाता आणखी एक गोष्ट सांगून गेला. मंजुश्रीनं कारवारकडे बदली मागितली आहे. मिळाली तर तोही तिच्यासोबत जाणार. "ती काय बोलत न्हाई अप्पा, पन तिचं मन लागंना इथं. त्यात हे फूल गेलं तर..." मी म्हणालो, बदलीचा आणि फुलाचा काही संबंध नाही.

मंजुश्री म्हणजे आमची सून. अंकोल्याची, समुद्राकाठची. इथे औरादच्या बँकेत नोकरीला आली आणि महेशकुमारच्या नजरेला पडली. आम्ही जंगम, लिंगायतांचे स्वामी, मांस-मासळी न शिवणारे; ती मासे खाणाऱ्या घरातली. लग्नाच्या वेळी मी एकच अट घातली होती: या घरात मासा शिरणार नाही, आणि बाहेर खाऊन घरात यायचं नाही. तिनं मान्य केली आणि वर्षभर पाळली. याबाबत माझी काही तक्रार नाही.

२५ नोव्हेंबर

रुग्ण तपासला. रंग उडालेला. आकार वाटीएवढा, पूर्वी ताटलीएवढा होता म्हणे. तोंड उघडं. अंगावरची बोटं लोंबलेली. पाय एकच आहे आणि तोही काही धरत नाही, त्यामुळे पंप चालू केला की रुग्ण या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात लोळत जातो. म्हशीनं असं केलं असतं तर मी मालकाला बाजूला घेऊन बोललो असतो.

औषध महेशकुमार ठेवून गेला आहे. माणसांना देतात तीच गोळी, पूड करून टाकीच्या पाण्यात घालायची, दिवा बंद ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी पाणी बदलायचं. गोळी ओळखीची निघाली. मी म्हशीच्या वजनावरून मात्रा काढायला बसलो तर मंजुश्रीनं हातातून कागद काढून घेतला. "अप्पा, हे वाटीभर आहे," म्हणाली.

ईरम्मा विभूती घेऊन आली. पाण्यात टाकणार होती. मी अडवलं. मग तिनं काचेवर बाहेरून तीन पट्टे ओढले. आता समोरून पाहिलं तर रुग्ण पट्ट्यांमागे जातो. मी बाजूनं पाहतो.

२९ नोव्हेंबर

पाणी बनवणं हे मोठं काम आहे. आमच्या बोअरचं चालत नाही. फिल्टरचं पाणी आणायचं, त्यात खास मीठ घालून ढवळायचं. मंजुश्री बँकेतून आली की पदर खोचून हेच करते. आज तिनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाली, "बरोबर आहे." मी यंत्रानं मोजलं. बरोबर होतं.

ढवळता ढवळता सांगत होती की ओहोटी लागली की खडकांच्या खळग्यांत अशी फुलं दिसायची, आणि ती मुद्दाम त्यात पायाचा अंगठा घालायची. "धरून ठेवतात अप्पा. सोडत नाहीत." मी म्हणालो, मग सोडवून घ्यायचं. यावर ती हसली. तिचा एक दात जरा पुढे आहे, हे मला आजच कळलं.

जेवताना अर्धी भाकरी ठेवली. हल्ली तेच चाललंय. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. ईरम्माला विचारलं तर म्हणाली, "पोरगी जेवंना झालीय, तुमाला आज दिसलं का?" मी म्हणालो, हवापालट झाला की होतं असं. "वरीस झालं की हवा पालटून," ईरम्मा म्हणाली. तिला वैद्यकातलं कळत नाही.

३ डिसेंबर

औषध संपलं. तोंड मिटलं आहे. हे चांगलं लक्षण. पण आता आहाराचा प्रश्न आला.

महेशकुमारचा फोन आला. "आता खायला घाला अप्पा. झिंग्याचा तुकडा, नखाएवढा." मी फोन ठेवून दिला. मग परत लावून लाईन कटल्याचं सांगितलं आणि ठीक आहे म्हणालो.

झिंगा या घरात येणार नाही. नखाएवढाही नाही. मी शांतपणे विचार केला. नोकरीत असताना मी वर्तमानपत्र खाऊन जगलेली शेळी पाहिली आहे. मठातलं कुत्रं आमटी-भाकरीवर म्हातारं झालं आणि शेवटपर्यंत अंगानं भरलेलं होतं. खाणं हा सवयीचा भाग आहे. मुगाची डाळ भिजवून वाटली आणि ड्रॉपरनं थेट तोंडावर सोडली.

मंजुश्री पाहत होती. "अप्पा, ते डाळ खात नाही."

"सवय होते," मी म्हणालो. "तुला नाही का झाली?"

ती काही बोलली नाही. म्हणजे तिला पटलं.

६ डिसेंबर

रुग्णानं मूग थुंकला. काल मसूर थुंकली. आजपासून हुलग्याचं कढण सुरू केलं. थकलेल्या बैलाला हुलग्यासारखं दुसरं काही नाही.

संध्याकाळी बसव मंडळात माझं प्रवचन होतं. विषय दासोह. दारी आलेल्याला तू कोण, कुठला, हे न विचारता आधी खाऊ घालावं, आणि आपल्याला वाढायला आवडतं ते नव्हे तर त्याला रुचेल ते घालावं, असा मुद्दा मी मांडला. हा मुद्दा मला आयत्या वेळी सुचला. अध्यक्षांनी डोळे पुसले. सोजराबाईही मागे बसून ऐकत होती. सोजराबाई म्हणजे आमची शेजारीण, मराठ्यांची. तिच्या चुलीवर सगळं शिजतं, म्हणून ईरम्मा इतक्या वर्षांत तिच्याकडे पाणीसुद्धा प्यायलेली नाही, बाकी दोघींचं गूळपीठ आहे.

घरी आलो तर हुलगाही थुंकलेला होता.

१० डिसेंबर

तब्येत वाईट आहे. रुग्ण लिंबाएवढा झाला आहे. मघाशी टाकीजवळ बसलो होतो आणि मला भीती वाटली. का ते सांगता येत नाही. मी खूप जनावरं जाताना पाहिली आहेत.

ईरम्मा येऊन शेजारी उभी राहिली. "काय घालायलाव खायला?"

"हुलगा."

"आन् ह्याचं मूळचं खानं काय?"

मी सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. "मंजे हे फूल न्हाई?"

"नाही."

मला वाटलं आता ती टाकी अंगणात ठेवायला सांगेल. ती बराच वेळ वाकून त्या लिंबाएवढ्या गोळ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "घरात आलेलं जीव उपाशी मरायलंय, आन् तुमी मंडळात भाषन करायलाव." मी म्हणालो, ते भाषण नव्हतं, प्रवचन होतं. तिनं तोंड फिरवलं, चप्पल घातली आणि सोजराबाईकडे गेली. दिवा लागल्यावर परत आली. काय काम होतं विचारलं तर म्हणाली, "गुडघ्याचं तेल. कमलनगरला चांगलं मिळतंय म्हने. उद्या आमी दोगी जायलोय."

१७ डिसेंबर

हुलग्यानं गुण दिला.

रुग्ण पुन्हा वाटीएवढा झाला आहे. आज सकाळी पायानं दगड धरला आणि दिवसभर सोडला नाही. सकाळी कढण घातलं की तो ते थुंकतो, पण संध्याकाळी पाहावं तर अंग भरलेलं दिसतं. म्हणजे वरवर थुंकतो, आत थोडं राहतं आणि ते सावकाश लागू पडतं. महेशकुमारला फोनवर नुसतं 'खातंय' एवढंच सांगितलं. पूर्ण बरं झाल्यावर सविस्तर सांगेन. अशा गोष्टी छापून यायला हव्यात.

खोलीत एक वास येऊ लागला आहे. समुद्राचा असावा. मी समुद्र पाहिलेला नाही, त्यामुळे खात्रीनं लिहीत नाही.

मंजुश्रीलाही मी डिंकाचे लाडू सुरू केले होते. त्यांचाही परिणाम दिसतो. ती सध्या संध्याकाळी सोजराबाईकडे गोधडी शिवायला शिकते. तिकडून आली की पहिल्यांदा अंघोळ करते. एवढ्या थंडीत अंघोळ म्हणजे चांगली सवय आहे. घरी जेवते तशी थोडंच, पण गाल भरलेत आणि काल जिन्यावरून गुणगुणत उतरत होती. एक लाडू हे काम करू शकतो. शाकाहार दोघांनाही मानवला.

ईरम्माचे गुडघेही बरे आहेत. बाजाराच्या दिवशी ती पुन्हा कमलनगरला जाऊन आली. तेल लवकर संपतं असं दिसतं. न्हाणीच्या दारामागे तिनं एक हिरवी पिशवी अडकवली आहे, आतून प्लास्टिकची, चांगली मजबूत. मी ती भाजीला न्यायला काढली तर तिनं हिसकून घेतली. "त्याला तेल लागलंय!" तेल लागलेलं मला दिसलं नाही.

१९ डिसेंबर

आज येळवस, मार्गशीर्षातली वेळ अमावास्या. सगळं घर शेतात. महेशकुमार नव्हता, पण मंजुश्रीनं सुट्टी काढली होती. आंबिलीचं मडकं तिनं डोक्यावर घेतलं आणि पाऊलवाटेनं एक थेंब न सांडता आणलं. बांधावरून जाणारा येणारा प्रत्येक माणूस हाक मारून बसवला. मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील. येळवसेला या भागात कुणी उपाशी फिरताना दिसला तर तो शेतवाल्याचा कमीपणा असतो.

घरी आल्यावर मनात आलं की सगळे जेवले, रुग्ण तेवढा राहिला. तो आता घरचाच आहे. भज्जीची एक चिमूट घेतली, तिखट लागू नये म्हणून दोनदा धुतली आणि टाकीत सोडली. आंबिलीचे अगदी थोडे थेंब.

२० डिसेंबर

टाकीला फेस आला आहे. सकाळी खोलीत गेलो तर पाणी आंबिलीसारखं दिसत होतं आणि रुग्ण आत दिसतच नव्हता.

मंजुश्री बँकेत उशिरा गेली. सगळं पाणी तिनं आणि मी मिळून बदललं. शेवटी डबा उचलताना म्हणाली, "अप्पा, येळवसेला तुम्ही कुणालाच सोडत नाही ना." आवाजावरून रागावली आहे की नाही ते कळलं नाही. ईरम्मा मात्र पुष्कळ बोलली. ते इथे लिहीत नाही.

रुग्ण आक्रसला आहे, पण पाय सुटलेला नाही. दगडाला धरून होता.

२३ डिसेंबर

ईरम्मा मन्नाएखेळ्ळीला गेली. तिची बहीण बसव्वा अंगणात पडली, मनगट मोडलं. प्लॅस्टर सुकून घर मार्गी लागेपर्यंत ईरम्मा तिथेच राहील. मी स्टँडवर सोडायला गेलो. बसमध्ये चढताना म्हणाली, "फुलाकडं ध्यान ठेवा. पोरीकडंबी ठेवा."

"दोघांचंही पथ्य चालू ठेवतो," मी म्हणालो.

तिनं कपाळाला हात लावला. मग खिडकीतून म्हणाली, "सोजराबाईला सांगून ठेवलंय, ती..." आणि बस निघाली. सोजराबाईला काय सांगून ठेवलंय ते विचारायला गेलो, तर तिच्या दाराला कुलूप. मुलीचे दिवस भरायच्या आतच पोटात दुखू लागलं म्हणून ती दुपारीच उदगीरला गेली.

गोधडीचा वर्ग बंद.

२८ डिसेंबर

मी सगळं नियमानं केलं आहे. हुलगा सकाळ-संध्याकाळ. लाडू सकाळी. पाणी वेळेवर. थंडी वाढली म्हणून हिटरवर लक्ष. तरी रुग्णाचं तोंड पुन्हा उघडं पडलं आहे, रंग गेला आहे, आणि आज संध्याकाळी पाय दगडावरून सुटला. पुन्हा कोपऱ्यातून कोपऱ्यात लोळतो.

मंजुश्रीनं आज अर्धी भाकरीही खाल्ली नाही. ताट सारून म्हणाली, बदली मंजूर झाली आहे. नव्या वर्षात हो की नाही ते कळवायचं आहे. मी 'बरं' म्हणालो. दुसरं काय म्हणतात ते मला माहीत नाही.

मग ती टाकीजवळ आली. मी ड्रॉपर घेऊन बसलोच होतो. तिनं माझ्या हातातून ड्रॉपर काढून बाजूला ठेवला. "असू द्या आता अप्पा. तुम्ही खूप केलंत."

मला ते वाक्य आवडलं नाही. दवाखान्यात मालक हे वाक्य बोलला की आम्ही गाडी बोलवायचो.

ती माडीवर गेल्यावर मी तिथेच बसून राहिलो. ईरम्मा नाही, महेशकुमार नाही, आणि ही गेल्यावर हे घर कसं लागेल याची मला कल्पना आली. मला रडू आलं. थोडंच. पण आलं, म्हणून लिहिलं.

३० डिसेंबर

आज मी जे केलं ते जसं घडलं तसं लिहून ठेवतो.

सकाळी कानटोपी घातली, वरून मफलर, विभूती पुसली नाही पण झाकली. न्हाणीच्या दारामागची हिरवी पिशवी घेतली, कारण ती गळत नाही. औरादच्या बाजारात मला कुत्रंही ओळखतं, म्हणून जीपनं कमलनगरला गेलो. तिथे मला कुणी ओळखत नाही.

मासळीवाल्या जीपच्या थांब्यामागे बसतात. मी आधी शेजारच्या कांदेवाल्यासमोर उभा राहिलो. तो बघू लागला म्हणून कांदे घेतले. मग कडेला बसलेल्या एका बाईसमोर गेलो. तिला कुणीतरी भागाबाई म्हणून हाक मारली होती.

"झिंगे पाहिजेत," मी म्हणालो. "थोडेच. औषधाला."

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. पिशवीकडे पाहिलं. "ही तर औरादच्या अक्काची पिशवी."

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"अक्का कामून आल्या न्हाईत? गुडघा धरला का काय?"

"गावाला गेल्यात."

"मंग नेहमीचंच देऊ की, स्वामी? फुलाचं येगळं, सुनबाईचं येगळं?"

मी व्हय म्हणालो.

तिनं दोन पुड्या बांधल्या. एक चिमूटभर. दुसरी हाताच्या ओंजळीत न मावणारी. बांधता बांधता बोलत होती. "अक्का लई चिकट हाय बगा. फुलाच्या पुडीला काय बी घाला म्हनती. सुनबाईच्या पुडीला मातर एकेक निवडून घेती, मोठं मोठं. हात न्हाई लावत. काडीनं दावती. हे घाल, ते काढ. पोरगी समिंदराकडची हाय म्हनती, तिला बारकं चालत न्हाई." मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुमी कोन लागता अक्काचे?"

मी शेजारी म्हणालो.

जीपमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसलो. रस्त्यात अंड्याचं टरफल पडलेलं असलं तर ईरम्मा रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं जाते. तिला मी हे इतक्या वर्षांत कितीदा करताना पाहिलं आहे. जीप भरलेली होती आणि लोकांना वास आला, ते नाक मुरडून इकडेतिकडे बघू लागले. मीही इकडेतिकडे बघितलं.

घरी आल्यावर हुलग्याचा डबा स्वयंपाकघरात नेऊन जागेवर ठेवला.

मंजुश्री बँकेतून आली तेव्हा मी तिला बाहेरच्या खोलीत बोलावलं. टेबलावर दोन्ही पुड्या होत्या. "ही रुग्णाची," मी म्हणालो. "आणि ही कमलनगरच्या बाईनं तुझी म्हणून दिली."

ती पांढरी पडली. "अप्पा, यात अव्वांची काही चूक नाही. मीच त्यांना..."

"तुझ्या सासूचा गुडघा दुखतो," मी म्हणालो. "ती कमलनगरला तेलासाठी जाते."

ती उभीच राहिली. मग म्हणाली, सोजराबाईंच्या घराला कुलूप आहे, हे करणार कुठे? मी कपाटाखालून सिरिंजांचा स्टोव्ह काढला. पिन मारली, पंप केला, पेटवून दिला. सिरिंजा उकळायचं भांडं घासून ठेवलेलंच होतं. मीठ-तिखट आणि भाकरीचं टोपलं आतून आणून दिलं. "ही खोली आधीपासून वेगळीच ठेवलेली आहे," मी म्हणालो. "इथे चालेल."

ती माडीवर जाऊन आमसुलांची पुडी घेऊन आली. माहेराहून आणलेली, कधी उघडलेली नव्हती.

मी उंबऱ्यावर रस्त्याकडे तोंड करून बसलो, म्हणजे मधेच कुणी आत येणार नाही. मागे भांडं रटरटू लागलं आणि तो वास आला. गेले काही दिवस मी ज्याला समुद्राचा म्हणत होतो तोच.

थोड्या वेळानं तिनं हाक मारली. "अप्पा, फुलाला तुम्ही घाला." चिमट्यात झिंग्याचा तुकडा धरून तिनं माझ्या हातात दिला. मी पाण्यात हात घातला. पडलेल्या त्या गोळ्याच्या एका बोटाला तुकडा लागला. आधी काही झालं नाही. मग ते बोट वळलं, शेजारचं वळलं, आणि सगळ्या बोटांनी मिळून तो घास हळूहळू तोंडाकडे नेला. माझ्या चिमट्याचं टोकही धरलं होतं. मी सोडवून घेतलं नाही, ते आपण होऊन सोडेपर्यंत थांबलो.

मंजुश्री जमिनीवर बसून जेवत होती. "नदीचे आहेत," म्हणाली. "मातीचा वास येतो." आणि डोळे पुसले. तिखट लागलं म्हणाली. तिखट तिनं घातलंच नव्हतं, चटणीची वाटी मी ठेवली तिथेच, तशीच होती. ती किती जेवली ते मी पाहिलं नाही. टोपलं आत न्यायला घेतलं तेव्हा ते रिकामं होतं.

५ जानेवारी

ईरम्मा काल आली. पाय धुतले आणि सरळ बाहेरच्या खोलीत गेली. फूल ताटलीएवढं उघडलेलं होतं, बोटांच्या टोकांना फुगे आलेले, रंग परतलेला. पायानं दगड असा धरला आहे की दगड उचलला तर टाकी उचलली जाईल.

"काय घातलाव ह्याला?"

"हुलगा."

"आन् पोरीला?"

"लाडू."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या स्टोव्हकडे पाहिलं, आणि शेजारी घासून पालथ्या घातलेल्या सिरिंजांच्या भांड्याकडे पाहिलं. काचेवरची विभूती उडत आली होती, तिनं तीन पट्टे नवे ओढले.

संध्याकाळी मंजुश्री माडीवर महेशकुमारशी फोनवर बोलत होती, जिन्यात ऐकू आलं. बँकेला तिनं बदली आत्ता नको म्हणून कळवलं आहे. "आत्ता कुठे पाय रोवलाय त्यानं," म्हणत होती, "इतक्यात हलवायला नको." हे वैद्यकाच्या दृष्टीनं बरोबर आहे. मग त्यानं मला फोन द्यायला सांगितलं. फूल आता बरं झालंय तर माडीवरच्या टाकीत परत सोडायचं का, असं विचारत होता. मी नाही म्हणालो. अजून देखरेखीची गरज आहे, आणि ती खोली वेगळी राहिलेली बरी.

आज बाजाराचा दिवस. सकाळी ईरम्मा चुलीपुढे बसून गुडघा चोळत होती. इतका वेळ चोळत होती की मी पाहावं अशीच तिची इच्छा असावी.

"लई दुखायलाय," म्हणाली. "कमलनगरला कोन जानार आता?"

"तेल कोणतं ते मला ठाऊक आहे," मी म्हणालो.

तिनं उठून न्हाणीच्या दारामागची पिशवी काढली आणि माझ्या हातात दिली. "मोठं मोठं बगून घ्या. ती भागाबाई बारकं घालती खाली. हात लावू नका, काडीनं दावायचं."

पहिल्या जीपनं जाऊन आलो. काडी विसरलो होतो. हातानंच निवडले.